पोत्यातलं नत्र, मातीतला कर्ब

माती परीक्षणाची पत्रिका हातात आली की शेतकऱ्याची नजर आधी नत्र, स्फुरद आणि पालाश या तीन ओळींवर जाते. दुकानात पोती त्यांच्याच नावानं मिळतात, तेव्हा ते साहजिकच आहे. त्याच पत्रिकेवर सेंद्रिय कर्बाचीही एक ओळ असते. तिच्यासमोर 0.4 किंवा 0.5 असा काहीतरी आकडा आणि शेजारी ‘कमी’ नाहीतर ‘मध्यम’ असा शेरा. ही ओळ वाचून करायचं काय, हे सहसा कुणी सांगत नाही, कारण कर्बाचं पोतं मिळत नाही. माझं मत विचाराल तर आधी हीच ओळ वाचावी. हवेतून मातीत, मातीतून पिकात आणि तिथून पुन्हा हवेत अशी नत्राची जी ये-जा चालते, तिचा खर्च जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर कर्बच भागवत असतो.

परभणी आणि गंगाखेड यांच्या मधे, परळीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर ‘पोखर्णी नृसिंह’ नावाचं स्टेशन आहे. नृसिंहाच्या देवळामुळे गाव मराठवाड्याला ठाऊक. भोवतालचं रान मात्र जिल्ह्यातल्या कुठल्याही गावासारखंच आहे: काळी माती, खरिपात सोयाबीन, कापूस आणि तूर, रब्बीत ज्वारी आणि हरभरा. ही माती दख्खनच्या बेसाल्ट खडकाची, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतल्या गेलेल्या लाव्हाची. पाऊस पडला की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि मे महिन्यात तिला हात आत जाईल अशा भेगा पडतात. रंगानं एवढी काळी, की तिच्यात कर्ब ठासून भरला असेल असं वाटावं. तसं ते नाही. मराठवाड्यातल्या बऱ्याच जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपासच घोटाळतो. काळेपणा चिकणमातीच्या कणांना घट्ट बिलगलेल्या थोड्याशा सेंद्रिय द्रव्याचा; त्यावरून भरघोस साठ्याचा अंदाज बांधू नये.

प्रयोगशाळेत हा आकडा काढण्याची रीत 1934 सालची, वॉकली आणि ब्लॅक या दोघांची. चिमूटभर मातीवर नारिंगी रंगाचं डायक्रोमेट ओतायचं, वरून तीव्र गंधकाम्ल. चंबू हाताला चटका बसेल इतका तापतो आणि मातीतला कर्ब जळून जातो. किती डायक्रोमेट खर्ची पडलं ते मग थेंबाथेंबानं मोजायचं. शेवटी शेवटी जांभळट निळा रंग असतो, तो एका थेंबासरशी लख्ख हिरवा होतो. त्या थेंबाला हात थांबला नाही तर शेतकऱ्याच्या पत्रिकेवरचा आकडा बदलतो. या रीतीत चुनखडीतला कर्ब मोजला जात नाही, आणि ते बरंच आहे. कारण पोखर्णीसारख्या रानात पांढरे खडे खोलवर सापडतात, त्यांतही कर्ब असतो. पण तो दगडात बंदिस्त, जिवाणूंच्या उपयोगाचा नाही. त्या चुनखडीकडे पुढे पुन्हा वळावं लागेल.

आधी हवेकडे पाहू. हवेत नत्र 78 टक्के. पिकाच्या डोक्यावर नत्राचा एवढा डोंगर असून पीक पिवळं पडतं, कारण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधानं जखडलेले असतात. ते बंध तोडायला ताकद लागते. आकाशातली वीज ते करते, पण जगभरच्या सगळ्या विजांचा वाटा वर्षाला अंदाजे 50 लाख टन. कारखाने याच्या वीसपटीहून जास्त नत्र बांधतात. म्हणजे रोहिणी आणि मृगात कडाडणाऱ्या विजांनी जमिनीला खत मिळतं हे खरं असलं तरी त्या भरवशावर कुणी कापूस लावू नये.

तिसरी वाट जिवाणूंची. ऑगस्टमध्ये, सोयाबीन फुलात असताना, वाफशावर एक झाड हलक्या हातानं मातीसकट उपटावं आणि मुळं पाण्यात खळबळून घ्यावीत. मुळांवर मोहरीपासून वाटाण्याएवढ्या गाठी दिसतात. एखादी नखानं फोडली की आतून गुलाबी-तांबडी निघते. हा रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या सख्ख्या भावंडाचा, लेगहिमोग्लोबिनचा. गाठीतल्या जिवाणूंना श्वासाला प्राणवायू हवा असतो, पण नत्र बांधणारं त्यांचं विकर, नायट्रोजिनेज, मोकळ्या प्राणवायूनं निकामी होतं. म्हणून हा तांबडा पदार्थ प्राणवायू पकडून ठेवतो आणि लागेल तेवढाच सोडतो. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट निघाली, तर ती काम करत नाही असं समजावं. शेंगवर्गीय पिकं हवेतलं नत्र घेतात ते या गाठींमुळेच, हे जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी 1886 मध्ये दाखवलं. दोन वर्षांनी हॉलंडच्या बायरिंकनं जिवाणू वेगळा काढला. आज परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात रायझोबियमचं पाकीट किंवा बाटली विकत मिळते. बियाण्याला लावायला पंधरा मिनिटं पुरतात.

पण हे नत्र फुकटचं नाही. झाड गाठींना साखर पुरवतं, आणि एक ग्रॅम नत्रामागे साधारण सहा ग्रॅम कर्ब त्या व्यवहारात खर्च होतो. ही साखर पानांनी हवेतल्या कर्बवायूपासून बनवलेली. म्हणजे पाऊस हुकला, पानं कोमेजली, साखर कमी पडली, की गाठी आधी उपाशी राहतात. आणि मातीत तयार नत्र मुबलक असेल तर झाड कशाला एवढा खर्च करील? ते गाठींचा पुरवठा आखडतं. उगवणीनंतर सोयाबीनवर युरिया फेकणारा शेतकरी पैसे देऊन आपल्याच गाठी बंद पाडत असतो.

तरी तो युरिया का फेकतो, याला कारण आहे. जुलैत चार दिवस झड लागली की सोयाबीन पिवळं पडतं. नत्र कमी पडलं, असा सरसकट निष्कर्ष निघतो. इथे पान नीट पाहावं. नत्राची टंचाई असेल तर खालची, जुनी पानं आधी पिवळी होतात, कारण झाड त्यांतलं नत्र काढून वरच्या कोवळ्या पानांना देतं. मराठवाड्यात मात्र पुष्कळदा शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी असतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या. ती लोहाची टंचाई. काळ्या मातीत लोह असतं. अडचण चुनखडीची आहे. रान चिबडलं की मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वासातला कर्बवायू मातीतच कोंडतो, पाणी आणि चुना यांच्याशी मिळून त्याचं बायकार्बोनेट होतं आणि मुळांना लोह उचलता येत नाही. म्हणजे पिवळेपणाच्या मुळाशी नत्र नसून कोंडलेला कर्बवायू असतो. त्यावर उपाय पाण्याला वाट काढून देणं, वाफसा आल्यावर कोळपणी करणं आणि फेरस सल्फेटची फवारणी. युरियानं यातलं काहीच होत नाही.

सोयाबीन जमिनीला नत्र देऊन जातं हेही गावोगाव ऐकू येतं. हिशेब करून पाहू. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे 40 टक्के प्रथिनं, म्हणजे 6.4 टक्के नत्र. एकरी 8 क्विंटल उतारा धरला तर मोंढ्यावर जाणाऱ्या दाण्यात 51 किलो नत्र निघून जातं. झाडाला लागणाऱ्या एकूण नत्रापैकी हवेतून येतं सरासरी निम्मं ते साठ टक्के, म्हणजे ढोबळ मानानं पस्तीस-चाळीस किलो. पेरणीला डीएपीचं एक पोतं घातलं तर त्यातून 9 किलो. गाठी उत्तम चालल्या तर जमा-खर्च कसाबसा जुळतो, नाहीतर उरलेलं मातीतून जातं. सोयाबीनमागून येणारी ज्वारी चांगली दिसते, कारण गळलेला पाला आणि मुळं लवकर कुजतात. त्यावरून जमिनीचा साठा वाढला असं म्हणता येत नाही.

लवकर कुजणं आणि उशिरा कुजणं हा सगळा कर्ब आणि नत्र यांच्या प्रमाणाचा खेळ. जिवाणूचं जेवण म्हणजे भाकरी आणि कोरड्यास: कर्ब ही भाकरी, नत्र हे कोरड्यास. खाल्लेल्या कर्बातला दोन तृतीयांश तो श्वासावाटे सोडून देतो, उरलेल्यातून शरीर बांधतो, आणि त्याच्या शरीरात आठ भाग कर्बाला एक भाग नत्र लागतं. म्हणून त्याच्या ताटात चोवीस भाग कर्बामागे एक भाग नत्र असलं की भागतं. शेणखतात किंवा सोयाबीनच्या पाल्यात हे प्रमाण जवळपास असतं. पऱ्हाटी, तुराटी आणि ज्वारीची धसकटं यांत मात्र कर्ब पन्नासपटीच्याही पुढे जातो. मग जिवाणू कमी पडणारं नत्र मातीतून ओढून घेतात. पऱ्हाट्या यंत्रानं बारीक करून मे महिन्यात मातीत मिसळल्या आणि जूनमध्ये पेरणी केली, तर नवं पीक तीन-चार आठवडे फिक्कं दिसतं ते यामुळे. नत्र कुठे गेलेलं नसतं, जिवाणूंच्या अंगात असतं; ते मेले की सुटतं.

पऱ्हाटी जाळण्याचा विषयही इथेच येतो. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं धुमाकूळ घातला, तेव्हापासून फरदड घेऊ नका, पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नका असं कृषी खातं दरवर्षी सांगतं, आणि ते योग्यच आहे. मजूर मिळत नाही, यंत्राचं भाडं परवडत नाही, मग बांधावर ढीग करून काडी ओढली जाते. त्या ढिगातला बहुतेक कर्ब आणि नत्र तासाभरात हवेत जातं. राखेत पालाश, स्फुरद आणि चुना उरतो. चुना तर या रानात आधीच जास्त. शेणाच्या गोवऱ्यांचंही तेच, फक्त त्या निदान भाकरी भाजून देतात.

खरी गंमत मृगाच्या पहिल्या पावसाची आहे. मे महिन्याच्या उन्हात वरची माती एवढी तापते की तिच्यातले असंख्य जिवाणू मरतात. पहिली सर आली की उरलेले जागे होतात आणि मेलेल्यांवर तुटून पडतात. काही तासांत मातीतून कर्बवायूचा लोट निघतो, आणि त्याबरोबर मेलेल्यांच्या अंगातलं नत्रही मोकळं होतं. एच. एफ. बर्च या शास्त्रज्ञानं पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करून 1958 मध्ये हे मांडलं. तिथेही आपल्यासारखाच कडक उन्हाळा आणि मग पावसाळा. मातीचा जो वास आपण छाती भरून घेतो तो जिओस्मिनचा, बुरशीसारख्या दिसणाऱ्या अॅक्टिनोमायसीट जिवाणूंचा. वर्षातलं सर्वांत स्वस्त नत्र या दिवसांत जमिनीत असतं आणि ते घ्यायला शेतात एकही मूळ नसतं! पाऊस पुरेसा होईपर्यंत, 75 ते 100 मिलिमीटरपर्यंत, थांबल्याशिवाय पेरू नये हा सल्लाही बरोबर आहे. दुबार पेरणीचा खर्च कुणाला झेपतो? पण वाफसा आल्यावर आठवडाभर रेंगाळणं मात्र दोन्हीकडून नुकसानीचं.

मोकळं झालेलं नत्र आधी अमोनियमच्या रूपात असतं. चिकणमाती त्याला धरून ठेवते. मग एक निराळीच जिवाणू जमात पुढे येते. ही अमोनियम ‘जाळून’ जगते, त्यातून नायट्रेट करते आणि स्वतःसाठी कर्ब हवेतल्या कर्बवायूतून घेते. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की यानं 1890 च्या सुमारास त्यांना ओळखलं. कर्ब खर्चून नत्र मिळवायचं या साऱ्या रिवाजाच्या ही जमात उलटी, नत्राच्या जोरावर कर्ब मिळवणारी. नायट्रेट पिकाला आवडतं, पण मातीला ते धरता येत नाही. पावसाबरोबर ते भेगांतून खाली उतरतं, विहिरीत जातं, ओढ्यातून गोदावरीला मिळतं आणि गंगाखेडवरून राजमहेंद्रीपर्यंत वाहत बंगालच्या उपसागरात पडतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम. ती ओलांडलेल्या विहिरी महाराष्ट्रात थोड्याथोडक्या नाहीत.

आणि रान चिबडलेलंच राहिलं तर? तेव्हा मातीत प्राणवायू संपतो. काही जिवाणू मग नायट्रेटमधला प्राणवायू वापरून श्वास घेतात. खायला त्यांना कर्बच लागतो. त्यातून नत्र वायू होऊन परत हवेत जातं, बऱ्याचदा अर्ध्या वाटेवर नायट्रस ऑक्साइडच्या रूपात. शस्त्रक्रियेच्या टेबलावर वापरला जाणारा हा ‘हसवणारा वायू’ शंभर वर्षांच्या हिशेबात कर्बवायूच्या सुमारे 270 पट उष्णता अडवतो. ऑगस्टमधल्या पाणी साचलेल्या एकरातून तो दिसत नाही, वासही येत नाही.

वास येतो तो अमोनियाचा. सकाळी गोठ्याचं दार उघडलं की नाकात जो झणका बसतो, ते जनावरांच्या मुतातल्या युरियाचं नत्र उडून चाललेलं असतं. पोत्यातला युरिया रसायनानं तोच. 45 किलोच्या पोत्यात 46 टक्क्यांनी 20.7 किलो नत्र आणि 9 किलो कर्ब. हो, युरियाच्या प्रत्येक रेणूत कर्बाचा एक अणू असतो. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यात नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढतात, हवेतल्या नत्राशी त्याचा अमोनिया करतात आणि वायूतून सुटलेला कर्बवायू पुन्हा त्याला जोडून युरिया. अमोनियाची ही रीत फ्रिट्झ हाबरनं 1909 मध्ये दाखवली, कार्ल बॉशनं 1913 मध्ये ओप्पाऊला कारखान्यात उतरवली, आणि आज जगातल्या जवळपास निम्म्या माणसांचं अन्न तिच्यावर उभं आहे. म्हणजे कारखान्यातही नत्र बांधलं जातं ते कर्ब जाळूनच, फक्त तो कर्ब कोट्यवधी वर्षांपूर्वीचा.

युरिया शेतात पडला की मातीतलं युरिएज विकर त्याला दोन-चार दिवसांत फोडतं. तो 9 किलो कर्ब हवेत जातो, अमोनिया उरतो. आपल्या मातीचा सामू आठच्या आसपास, आणि अशा जमिनीवर युरिया नुसता वरून विस्कटला तर त्यातला चौथा-तिसरा हिस्सादेखील अमोनिया होऊन उडू शकतो. 2015 पासून सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला. त्यानं नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो. उडून जाणं थांबवायचं तर खत मातीआड करावं लागतं. कोळप्यामागून किंवा पाभरीनं दिलेला युरिया आणि बांधावर उभं राहून भिरकावलेला युरिया यांत हाच फरक.

‘युरियानं जमीन जळते’ हे वाक्य मात्र मला निम्मंच पटतं. परभणी आणि अकोला या दोन्ही कृषी विद्यापीठांत वर्षानुवर्षं चाललेले खतांचे प्रयोग आहेत. नुसतं नत्र घातलेले तुकडे मागे पडतात. शेणखत आणि रासायनिक खत दोन्ही घातलेल्या तुकड्यांत कर्ब सर्वांत जास्त. पण रासायनिक खत संतुलित दिलं तरी खत न घातलेल्या तुकड्यापेक्षा कर्ब बरा राहतो, कारण पीक जोमदार येतं, मुळं जास्त वाढतात आणि ती मातीतच राहतात.

आता पत्रिकेवरच्या त्या ओळीकडे या. एका एकरात 15 सेंटिमीटर खोलीपर्यंत सुमारे 800 टन माती. कर्ब 0.4 टक्के, म्हणजे 3.2 टन. मुरलेल्या सेंद्रिय द्रव्यात साधारण 11 भाग कर्बाला एक भाग नत्र असतं, तेव्हा नत्र 290 किलो, चौदा पोत्यांच्या युरियाएवढं. आपल्या उष्ण हवेत यातला दरसाल 2 ते 3 टक्के हिस्सा कुजतो धरला, तर सहा ते नऊ किलो नत्र पिकाला मिळतं आणि 65 ते 95 किलो कर्ब हवेत जातो. 0.4 चा 0.5 करायचा तर 800 किलो कर्ब टिकवावा लागेल आणि त्याच्यासोबत सत्तरेक किलो नत्रही अडकवून ठेवावं लागेल. नत्राशिवाय कर्ब मुरत नाही. नुसत्या तुराट्या गाडून आकडा वर सरकत नाही तो म्हणूनच.

आणि घातलेल्या काडीकचऱ्यातला बहुतेक कर्ब वर्षभरात उडून जातो, टिकतो तो दहा ते वीस टक्के. हडंब्यातून निघालेलं सोयाबीनचं एकरभराचं भुसकट 12 क्विंटल धरा. त्यात कर्ब पाचशे किलोच्या आत, टिकणारा सत्तरेक किलो. सगळंच्या सगळं भुसकट परत पसरलं, जनावरांना घातलं नाही, बांधावर पेटवलं नाही, तरी दरसालच्या झिजेची जेमतेम भरपाई होते. वाढ व्हायची ती त्यावरच्या भरीतून: गोठ्यातून आलेलं शेणखत, फुलापासून शेंगेपर्यंत गळत राहणारा तुरीचा पाला, आणि मातीत राहिलेली मुळं. सोयाबीन विळ्यानं कापलं तर मुळं गाठींसकट रानात राहतात. हरभरा पुष्कळ ठिकाणी अजून उपटतात, आणि तो खळ्यावर जाताना मुळं, गाठी आणि त्यांना चिकटलेली माती घेऊन जातो.